कंसातले रिठद

सातबाऱ्याचा उतारा संगणकाच्या पडद्यावर उघडतो, तेव्हा ते पान आधीपासून कुठे तयार ठेवलेले नसते. जिल्हा वाशीम, तालुका रिसोड, गाव रिठद, मग गट क्रमांक, एवढे निवडून बटण दाबले की ते घडते. क्षणभरापूर्वी ते नव्हते आणि खिडकी बंद केल्यावर पुन्हा नसते. कायम असते ती माहिती: खातेदारांची नावे, हेक्टर-आरमधले क्षेत्र, आकारणी, फेरफारांचे क्रमांक. आणि कायम असतो तो आराखडा: वर गाव नमुना सात, खाली गाव नमुना बारा. मागणी आली की या दोहोंची गाठ पडते आणि पान उभे राहते. अशा पानाला गतिमान पान म्हणतात.

नुसत्या रिकाम्या जागा भरायच्या असत्या तर या कामात फारसे काही नव्हते. तलाठ्याकडचा छापील नमुना तेच करत असे. रेघा छापखान्याच्या, अक्षर तलाठ्याचे. पण छापील नमुन्यात ओळी मोजून दिलेल्या असतात आणि गावातली वावरे त्या मोजणीला जुमानत नाहीत. एका गटाला एकच खातेदार, तर शेजारच्या गटात वाटण्या होत होत अकरा नावे. एकावर सोसायटीचा बोजा, दुसऱ्यावर काहीच नाही. खाली नमुना बारामध्ये कुठे खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा. कुठे जमीन पडीत. म्हणजे भरायचा मजकूर बदलतो तशी पानाची घडणही बदलते. ओळी वाढतात, एखादा रकाना येतो किंवा येतच नाही. आराखड्यालाच हलता-वाकता यावे लागते, आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

जगभर रूढ झालेली रीत चिकटकामाची आहे. पानाच्या खुणांचा मजकूर लिहीत जायचे, मध्येच थांबून संगणकाला एखादी आज्ञा द्यायची, आज्ञा संपली की पुन्हा मजकूर. रासमुस लेरडॉर्फने १९९५ मध्ये जाहीर केलेली पीएचपी याच रितीने लोकप्रिय झाली. त्यात गैर काही नव्हते. एका रात्रीत पान उभे राहत असे. मात्र एकाच फाइलमध्ये दोन भाषा नांदतात आणि एकीला दुसरीचे काही कळत नाही. आज्ञा देणाऱ्या भाषेच्या दृष्टीने पानाचा मजकूर म्हणजे अक्षरांची माळ. त्या माळेत तक्ता उघडला आणि बंद करायचा राहिला, तर तिला पत्ता लागत नाही. चूक कळते ती पडद्यावर, खालचा अर्धा उतारा वरच्या तक्त्यात घुसल्यावर.

लिस्पची वाट वेगळी आहे आणि ती वेबच्या कितीतरी आधीची आहे. जॉन मॅकार्थीने १९५८ मध्ये एमआयटीत या भाषेचा पाया घातला; तिच्यावरचा त्याचा प्रसिद्ध निबंध एप्रिल १९६० मध्ये छापून आला. त्या भाषेत यादी हा एकच मोठा आकार. कंस उघडायचा, आत वस्तू ठेवायच्या, कंस मिटायचा. आतली वस्तू स्वतःही यादी असू शकते, तिच्या आत आणखी एक. मॅकार्थीच्या मनात माणसांसाठी निराळी, गणितासारखी दिसणारी लेखनपद्धत होती. कंसांची पद्धत यंत्राच्या आतल्या कामापुरती होती. पण स्टीव्ह रसेल या सहकाऱ्याने कंसातली आज्ञा वाचून ती पाळणारा प्रोग्राम आयबीएम ७०४ वर चालवून दाखवला आणि तात्पुरते म्हणून आणलेले कंस कायमचे राहिले. सोयीसाठी घातलेला मांडव पुढे घरच झाला, असा प्रकार.

वऱ्हाडात दोन वावरांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. कंसाचे काम धुऱ्याचेच आहे: इथून इथवर हे, त्यापुढे दुसरे. उताऱ्याचा माथा लिस्पच्या यादीत असा बसतो:

(उतारा (गाव "रिठद") (तालुका "रिसोड") (जिल्हा "वाशीम"))

पहिला शब्द प्रकार सांगतो, उरलेले त्याच्या पोटातले. वेबपानही आतून असेच असते. पानात तक्ता, तक्त्यात ओळ, ओळीत रकाना. वेबपानाच्या खुणांच्या भाषेत, एचटीएमएलमध्ये, बहुतेक प्रत्येक गोष्ट उघडताना नाव लिहावे लागते आणि मिटवताना तेच नाव पुन्हा, तिरक्या रेघेसह. लिस्पमध्ये मिटवायला एक कंस पुरतो. ही काटकसर दिसायला बरी, पण खरा लाभ तो नव्हे. पान आता अक्षरांची माळ उरले नाही, भाषेच्या ओळखीचा आकार झाले. धुरा घालायचा राहिला तर प्रोग्राम वाचलाच जात नाही. अर्धवट तक्ता पडद्यापर्यंत पोचायची वेळच येत नाही. शिवाय पानाचा आराखडा आणि तो घडवणाऱ्या आज्ञा दोन्ही याद्याच असल्याने एकीत दुसरी सहज मावते.

मावते कशी, याचे उत्तर दोन-तीन चिन्हांत आहे. लिस्पला यादी दिसली की ती तिला आज्ञा समजून पाळू लागते. ‘हे पाळू नकोस, जसेच्या तसे ठेव’ असे सांगायला यादीआधी अवतरणाची खूण करतात. तिचा एक भाऊबंद आहे, उलटे अवतरण: जसेच्या तसे ठेव, पण जिथे स्वल्पविराम दिसेल तिथे थांबून आतली किंमत काढ आणि ती बसव. या अर्धवट अवतरणाची कल्पना तर्कशास्त्रज्ञ क्वाइनने १९४० मध्ये मांडली होती. लिस्पकारांनी ती यंत्राच्या कामाला लावली.

`(उतारा (गाव ,गाव) (खातेदार ,@नावे))

पहिला ‘गाव’ म्हणजे नुसती पाटी. स्वल्पविरामानंतरचा ‘गाव’ म्हणजे माहितीच्या कोठारातून येणारे खरे नाव. पुढचे चिन्ह, स्वल्पविराम आणि त्याला लागून असलेला गोल, जास्त मजेदार आहे. समजा गट तीन भावांच्या नावे आहे. साधा स्वल्पविराम तिघांना एका मोळीत बांधूनच रकान्यात टाकतो:

(खातेदार ("थोरला" "मधला" "धाकटा"))

गोलवाला स्वल्पविराम मोळी सोडतो आणि काड्या सुट्या मांडतो:

(खातेदार "थोरला" "मधला" "धाकटा")

नावे तीन असोत की अकरा, आराखडा तोच. आणि यादी रिकामी असेल तर मोळी सोडून काहीच बाहेर पडत नाही. मागे रिकामा रकाना नाही, अडखळलेली रेघ नाही. बोजा असेल तरच ‘इतर अधिकार’ची ओळ दाखवायची असली, तर एवढे पुरते:

,@(जर बोजा `((इतर-अधिकार ,बोजा)))

बोजा नसेल तर ही सगळी ओळ पानावरून अशी नाहीशी होते, की ती कधी होती याची खूणही राहत नाही. कॉमन लिस्प या लिस्पच्या प्रचलित बोलीत ‘नाही’ हे उत्तर आणि रिकामी यादी ही एकच वस्तू आहे. शिकणाऱ्याला हा विक्षिप्तपणा वाटतो, पण पानाच्या मांडणीत तो रोज उपयोगी पडतो. उदाहरणांतली नावे मराठी आहेत ती केवळ वाचकाच्या सोयीसाठी नव्हेत. कॉमन लिस्पच्या आजच्या प्रमुख प्रणाली युनिकोड जाणतात, त्यामुळे ‘रकाना’ किंवा ‘खातेदार’ हे नाव त्यांना इंग्रजी नावाइतकेच चालते. ‘जर’ मात्र एकदा स्वतः घडवून घ्यावा लागतो आणि शेवटी ब्राउझरला समजणाऱ्या खुणांशी ही नावे जुळवणारी एक छोटी यादी लागते. ‘जर’सारखी भाषेच्या मुळातली आज्ञाच नव्याने घडवता येते, ही सोय फार थोड्या भाषांत आहे.

कोऱ्या जागांचा विचार मराठी दप्तराने यंत्राच्या कितीतरी आधी केलेला आहे. सरकारी कागद ‘रिठदमधील’ असे लिहीत नाही, ‘मौजे रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम येथील’ असे लिहितो. या भाषेची थट्टा होते, पण तिच्यामागे व्यवहारी शहाणपण आहे. मराठी नाम प्रत्यय लागताना आतून बदलते. वाशीम जिल्ह्याचे सहाच तालुके घेतले तरी वाशीमचे वाशिमात होते, कारंज्याचा ‘जा’ बदलतो, मानोऱ्याचा ‘रा’ बदलतो. मालेगाव, रिसोड आणि मंगरूळपीर आणखी आपापल्या वळणाने जातात. बोलताना वऱ्हाडी माणूस ‘रिठदले जातो’ म्हणून मोकळा होतो. पण छापील नमुन्यातल्या कोऱ्या जागेला कोणते नाव येणार हे ठाऊक नसते. म्हणून ‘मौजे’ पुढे ठेवायचे, ‘येथील’ मागे ठेवायचे आणि मधले नाव निर्विकार ठेवायचे. खातेदार बाई की पुरुष हे माहीत नसते, तर ‘यांचे’ आणि ‘यांनी’ लिहून आदरात तो प्रश्न बुडवायचा. कचेरीची मराठी रुक्ष आहे ती बरीचशी कोऱ्या जागांच्या धाकाने.

लिस्पमध्ये स्वल्पविरामानंतर नुसते नावच यावे असे बंधन नाही; तिथे आख्खी आज्ञा बसते. म्हणून हे लिहिता येते:

`(परिच्छेद ,(सप्तमी तालुका) " नोंदलेले क्षेत्र")

‘सप्तमी’ हे फंक्शन कारंजाचे कारंज्यात, मानोराचे मानोऱ्यात करून देईल, आणि अपवादांसाठी त्याच्याजवळ एक यादी असेल. हे इतर भाषांतही करता येते, त्यात लिस्पची मक्तेदारी नाही. पण इथे मजकूर लिहिण्याची जागा आणि विचार करण्याची जागा यांच्यात भिंत नाही, त्यामुळे तसे करावेसे वाटते. भिंत असली की माणूस ‘येथील’वर भागवतो.

वाशीमच्या परिसराला साच्याची ही विद्या जुनी आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. त्या शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशीमलाच उजेडात आला; वा. वि. मिराशींनी वाकाटकांच्या लेखांचा जो संग्रह सिद्ध केला, त्यात तो आहे. चौथ्या शतकातले हे दानपत्र दोन भाषांत आहे. राजाची वंशावळ संस्कृतात, आणि प्रत्यक्ष दानाचा व्यवहार सांगणारा मजकूर प्राकृतात. त्या काळच्या दानपत्रांचा साचा ठरलेला असे: आधी कुळी, मग दान, गाव आणि घेणारे, मग सवलती. कुळी दर पत्रात जवळपास तीच. गाव आणि घेणाऱ्यांची नावे दर पत्रात नवी. ठरलेला भाग एका भाषेत, बदलता भाग दुसऱ्या भाषेत. वाशीमच्या पत्र्यावर जणू स्वल्पविराम कुठे येतो ते भाषाच सांगते. साम्य याहून पुढे ताणू नये. कोरक्याची छिन्नी एकदा पडली की पान स्थिर झाले.

ठरलेले आणि बदलते यांची अशी विभागणी यंत्राने स्वतःच करावी, हे लिस्पच्या मॅक्रोंचे काम. फंक्शनला तयार किंमत मिळते, मॅक्रोला प्रोग्रामचा तुकडाच यादीच्या रूपात मिळतो आणि त्याची उलथापालथ करून तो नवा तुकडा परत देतो; हे सगळे प्रोग्राम चालण्याआधी, त्याचे भाषांतर होताना. हॅम्बुर्गच्या एडी वाइट्सने लिहिलेली सीएल-हू ही छोटी लायब्ररी याचा नमुना आहे. लिहिणारा आराखडा यादीत लिहितो. मॅक्रो तो चालून जातो आणि न बदलणारे शेजारशेजारचे तुकडे, म्हणजे शीर्षक, रकान्यांची नावे, तक्त्याच्या खुणा, जोडून एकेक लांब माळ करून ठेवतो. उतारा मागितला जातो तेव्हा या माळा जशाच्या तशा बाहेर पडतात. हिशेब होतो तो फक्त नावांचा, क्षेत्राचा आणि पिकांचा. छापील नमुना आणि तलाठ्याचे अक्षर ही जुनी वाटणी पुन्हा आली. फरक इतकाच की इथे छापखाना आराखडा वाचून काय छापायचे ते ठरवतो.

क्लोजर ही रिच हिकीची २००७ ची लिस्प. तिच्यातल्या जेम्स रीव्ह्जच्या हिकप लायब्ररीने गोल कंसांऐवजी चौकोनी घेतले. पान म्हणजे साध्या वस्तूंची रचना, ती कुठल्याही साध्या फंक्शनने घडवावी, तपासावी, बदलावी, हा तिचा भर. इथे मांडणीचे खरे सुख कळते. ‘दोन-स्तंभ’ नावाचे फंक्शन डावे आणि उजवे असे दोन तुकडे घेते आणि एक मोठा तुकडा देते. त्या तुकड्यांत काय आहे याची त्याला फिकीर नसते. उताऱ्याची एकच यादी एक फंक्शन रुंद तक्त्यात मांडते, तर दुसरे मोबाइलच्या चिंचोळ्या पडद्यासाठी एकाखाली एक. यादी तयार झाल्यावरही तिच्यात हात घालता येतो: सगळ्या ओळी मोजा, दर दुसऱ्या ओळीला फिकट रंग द्या, शून्य क्षेत्राच्या ओळी गाळा. अक्षरांच्या माळेवर हे करणे म्हणजे शिजलेल्या खिचडीतून डाळ वेचणे. अर्थात मांडणीतले पुष्कळसे काम आता पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेने स्वतःकडे घेतले आहे आणि रंगा-रुंदीसाठी लिस्पला राबवणे हौसेचेच ठरेल.

या रितीने मोठे दुकान चालवून दाखवले ते व्हायावेबने. पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस यांनी १९९५ मध्ये ते सुरू केले. व्यापाऱ्याने ब्राउझरमधूनच आपले दुकान रचायचे, पाने सर्व्हरवर घडायची. दुकान रचण्याचा संपादक-प्रोग्राम कॉमन लिस्पमध्ये होता. व्यापाऱ्यांना आराखडे बदलण्यासाठी दिलेली आरटीएमएल ही छोटी भाषा आतून लिस्पच होती, मात्र तिच्यात कंस दिसत नसत. तुकडे निवडून कापायचे आणि डकवायचे. कंस लोकांना घाबरवतात हे कंसांचा एवढा कैवार घेणाऱ्या ग्रॅहमने ओळखले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. जून १९९८ मध्ये याहूने व्हायावेब सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलरच्या समभागांत विकत घेतले. त्यानंतर काही आठवड्यांतच, १ जुलैला, अकोल्यातून वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आज रिठद शोधणारा ज्या यादीतून ‘वाशीम’ निवडतो, त्या यादीत ते नाव तोवर जिल्हा म्हणून नव्हते. पुढे याहूने व्हायावेबच्या संपादकातली लिस्प काढून सी++ आणि पर्लमध्ये तो पुन्हा लिहून घेतला.

ग्रॅहमने नंतर आर्क ही स्वतःची लिस्प काढली. पहिली आवृत्ती जानेवारी २००८ ची. पाने घडवणे हे तिचे एक मुख्य काम, आणि तरी पहिल्या आवृत्तीत केवळ आस्कीची म्हणजे रोमन वळणाची अक्षरे होती. मांडणीही सरसकट तक्त्यांनी केलेली. दोन्ही गोष्टी मुद्दाम केल्याचे ग्रॅहमने सांगितले आणि त्यावर वाद झाला. आटोपशीरपणाची हौस समजते, पण जिच्यात ‘रिठद’ हे तीन अक्षरी नाव मावत नाही त्या पानघडवणीला आटोपशीर म्हणावे की तोकडी, हा निवाडा मराठी वाचकाला अवघड जाऊ नये. याच लिस्पच्या घराण्यात उलट टोकाचेही उदाहरण आहे. ज्याचा मोठा भाग लिस्पमध्ये लिहिलेला आहे त्या ईमॅक्स या संपादकाच्या २०२३ च्या आवृत्तीत मोडी लिपी टंकण्याची सोय आली. महाराष्ट्रातली जुनी महसुली दप्तरे ज्या लिपीत आहेत, तीच.

एका बाबतीत मात्र लिस्पवाल्यांचा दावा जपून घ्यावा लागतो. पान यादीत असले की ते आपोआप सुरक्षित होते, असे सांगितले जाते. शेऱ्याच्या रकान्यात कुणी ‘क्षेत्र < १ हे.’ असे लिहिले, तर ती टोकदार खूण ब्राउझरला नव्या खुणेची सुरुवात वाटू शकते. आणि तिथे खोडसाळ मजकूर घातला तर पान दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकते. यादीत मजकूर आणि खूण वेगवेगळ्या जातीच्या वस्तू असल्यामुळे असा मजकूर निष्प्रभ करणे सोपे आहे, हे खरे. पण सोपे आहे म्हणून ते केलेले असतेच असे नाही. सीएल-हूमध्ये ते लिहिणाऱ्याने दर वेळी सांगावे लागते. हिकपच्या पहिल्या पिढीतही तसेच होते. आपोआप करण्याची रीत दुसऱ्या पिढीत आली.

लिस्प महाराष्ट्राला अगदीच परकी नाही. ऑटोकॅडवर नकाशे काढणाऱ्या कित्येकांनी ऑटोलिस्पच्या चार-दोन ओळी कुणाकडून तरी मागून वापरलेल्या असतात आणि त्या कंसांचे कुळ कोणते हे विचारलेले नसते. पुण्यात हेल्पशिफ्टसारख्या कंपनीने आपला व्यवसाय क्लोजरवर उभारला. तरी माणसे थोडी, आणि पानाचे रूप ठरवणारा चित्रकार कंस पाहून मागे सरतो. त्याला एचटीएमएल हवे असते. मोठ्या सरकारी कामांत ही अडचण निर्णायक ठरते. सातबाऱ्याचे पानही लिस्पमध्ये लिहिलेले नाही. पण पान म्हणजे माळ नव्हे, झाड, ही दृष्टी मात्र लिस्पच्या बाहेर पसरली. फेसबुकने २०१३ मध्ये खुली केलेली रिअ‍ॅक्ट ही लायब्ररी पान फांद्यांच्या रूपात घडवते, आणि तिच्यावर बेतलेल्या क्लोजरच्या रीजेंटमध्ये तेच झाड पुन्हा हिकपच्या कंसांत लिहितात.

शेवटच्या पायरीवर यादी चालून जाणारे एक लहानसे फंक्शन असते. ते पहिला शब्द घेते, उघडणारी खूण लिहिते, आतल्या प्रत्येक वस्तूसाठी स्वतःलाच पुन्हा बोलावते, परत येऊन मिटवणारी खूण लिहिते. मजकूर लागला तर तो निष्प्रभ करून टाकते. अनुभवी हाताला त्यासाठी पंधरा-वीस ओळी पुरतात. ते थांबते तेव्हा सगळे कंस गळून पडलेले असतात आणि तारेवरून जातो तो साधा मजकूर. कुठल्या भाषेत घडला हे ब्राउझर विचारत नाही. डिजिटल सहीचा उतारा हवा असेल तर १५ रुपये भरायचे. सेवा केंद्रावरचा पोरगा तो छापून देतो, आणि पीककर्जाच्या अर्जाला जोडण्याआधी शेतकरी सर्वांत आधी आपल्या नावाची वेलांटी तपासतो.